दिवे साफ होईपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

गिरगावचा निमेश आज गाडी बघून गेला. तिशीतला माणूस, बायकोला आणि तान्ह्या मुलीला फिरवायला छोटी गाडी हवी आहे. टायर दाबले, चारही दारं उघडून लावली, डिकी उघडली, तिथे जरा थबकला, मग पुढे येऊन हेडलाइटवर टिचकी मारली.

"काका, हिला कावीळ झालीय."

खोटं कशाला लिहू, झालीच आहे. दोन्ही दिवे पिवळे आणि वरून धुरकट. रोज बघतो म्हणून लक्षात येत नव्हतं. मी म्हटलं, "साफ करून ठेवतो, रविवारी ये." डिकीच्या वासाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. चांगल्या घरचा दिसतो.

चौदा वर्षं या गाडीने मासळी वाहिली. पहाटे गुणवंतीला भाऊच्या धक्क्यावर न्यायचं, टब डिकीत आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी टाकायचे, तिला लालबागच्या मार्केटात उतरवायचं आणि मग गोदीतल्या स्टोअरवर हजर व्हायचं. रिटायर झालो तरी धक्क्याची ड्युटी सुटली नव्हती. सप्टेंबरात मात्र धक्क्यावर बर्फाच्या हातगाडीला माझा बंपर लागला. माणूस वाचला, लादी फुटली. दिवे असे, मग समोरचं दिसणार कसं? त्यात उजवा गुडघा. तेव्हापासून गाडी बिल्डिंगखाली उभी आहे आणि गुणवंती बायकांबरोबर टेम्पोने जाते. मजेत जाते, गप्पा होतात.

विकायचं ठरलं हे तिला सांगितलं तेव्हा ती कोलंबी सोलत होती.

"विकायलाच पायजे काय?"

"उभी राहून गंजणार. त्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडू दे."

"कदी?"

"दिवे साफ झाले की."

तिने कोलंबीचा दोरा काढून बाजूला टाकला. "मग सावकास करा. नीट करा. घाई नको."

अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेकॅनिक म्हणाला, दोन्ही दिवे नवीनच बसवा. मी छत्तीस वर्षं गोदीत स्टोअरकीपर होतो. दुरुस्त होणारी वस्तू बदलायची म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. ती काच नसतेच मुळी, प्लास्टिक असतं. उन्हाने त्याची वरची साय पिवळी पडते, ती उतरवायची. व्हिडिओतले सगळे लोक चार मिनिटांत काम संपवून हसतात.

हार्डवेअरच्या दुकानात निघालो, तेवढ्यात गुणवंती म्हणाली, "कशाला तो पसारा? प्रितीच्या शेजारनीनं टूथपेस्ट लावलेली. चकचकीत झाला." प्रिती आमची मुलगी, अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. तिच्या शेजारणीकडे गाडी आहे हे मला माहीत नव्हतं.

दोन संध्याकाळी घासतोय. अख्खी ट्यूब संपली. ओलं असताना दिवा असा स्वच्छ दिसतो की वाटतं झालं काम. वाळला की पुन्हा ताक. खाली गुणाजी वॉचमन खुर्ची टाकून बघत बसला होता. म्हणाला, "वैती साहेब, गाडीक दात इले काय?" मालवणी माणूस, तोंड गप्प बसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

निमेश आला. दिव्याजवळ नाक नेऊन म्हणाला, "काका, वास एकदम फ्रेश. रंग तोच." आणि हसला. मी ओशाळलो. गुणवंतीने त्याला चहा दिला, वर नानकटाई दिली आणि गेटपर्यंत सोडायला गेली. वरून खिडकीतून बघतोय तर दोघं गेटपाशी किती तरी वेळ बोलत उभे. शेवटी त्याने तिला हात जोडले. तिला माणसांची हौस आहे.

मला वेळ द्यायला तो तयार आहे. म्हणाला, "काकूंनी सांगितलं, काम परफेक्ट होऊ दे, मी थांबतो."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुणवंतीच्या शिलाई क्लासबद्दल लिहायचं राहिलं होतं. दसरा झाल्यापासून ती दुपारी लालबागला किर्ती नावाच्या बाईंकडे शिलाई शिकायला जाते. अठ्ठावन्नाव्या वर्षी! कौतुक आहे. पायमशीन आहे म्हणते. रात्री जेवताना टेबलाखाली तिचे पाय चालूच असतात. डावा दाबायचा, उजवा हळूहळू सोडायचा. आज विचारलं तर म्हणाली, "डावा सोडताना झटका बसतो, तोच जमत नाय अजून." मशीनला दोन पायांचं काम वेगवेगळं असतं हे मला नवीन होतं.

दीड महिना होत आला. अजून साधी पिशवी शिवून झालेली नाही. पण मी बोललो नाही. शिकणाऱ्याला बोलू नये.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

वॉटर पेपर आणले होते: आठशे, दीड हजार, दोन हजार, तीन हजार. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. दिव्याभोवती मास्किंग टेप लावला, म्हणजे गाडीच्या रंगाला ओरखडे नकोत. बादली, स्टूल, गुडघ्याला पट्टा. पाणी मारत मारत आठशेने घासायला लागलो. पिवळं दूध वाहायला लागलं. वीस मिनिटांनी पुसून बघतो तर दिवा पांढराफट्ट! आरपार काहीच दिसेना. वाटलं, होता तोही गेला.

गुणवंती डबा घेऊन खाली आली होती. "आमच्या न्हाणीच्या खिडकीसारका झालाय," म्हणाली. आणि का कोण जाणे, खूश दिसली.

पण स्टोअरकीपर हटत नसतो. दीड हजार. दोन हजार. कागद बदलला की घासायची दिशा बदलायची, आधी आडवं, मग उभं. तीन हजारला हात लोण्यावर फिरावा तसा फिरायला लागला. मग कापडाला पॉलिशचं कंपाउंड लावून गोल गोल. आणि पुसलं तर आतला बल्ब, त्याच्यामागचा आरसा, आरशातलं माझं उलटं तोंड, सगळं लख्ख! मी एकट्यानेच टाळी वाजवली. गुणाजी खुर्चीवरून उठून बघायला आला. तो उठतो ही लहान गोष्ट नव्हे.

गुणवंती दिव्याकडे बघत राहिली. "झाला पण?" म्हणाली. आवाज जरासा उतरला होता. माझ्या कष्टांनी तिला भरून आलं असावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काम अजून संपलेलं नाही. घासलेल्या प्लास्टिकवर उन्हापासून वाचवणारं कोटिंग मारावं लागतं, नाही तर काही महिन्यांत पुन्हा कावीळ. त्याचा स्प्रे ऑनलाइन मागवला. यायला वेळ आहे आणि निमेश तेवीसला येतोय. मी काळजीत.

गुणवंतीने वाट काढली. "तुमचे बाबा होडीला काय लावायचे?"

मी चाट पडलो. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल! वरळीला होडी किनाऱ्यावर ओढली की बाबा तिला मुशीचं तेल पाजायचे. ऊन, खारं पाणी, वारा, कशाने त्या लाकडाला तडा गेला नाही. ऊन ते ऊन. होडी टिकते तर दिवा का टिकणार नाही? आणि हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, मी तांडेलाचा मुलगा. तिच्या डोक्यात आलं. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली, सुनेने लक्षात ठेवलंय. माझे डोळे भरून आले.

वरळीच्या बहिणीकडून तिने बाटलीही आणून ठेवली होती. कधी आणली कोण जाणे. संध्याकाळी दोन्ही दिव्यांना दोन हात दिले. वास घेतला आणि सहा वर्षांचा झालो.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांजरं.

आमच्या भोईवाड्यात एवढी मांजरं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. निमेशला घेऊन खाली गेलो तर बोनेटवर तीन, एक बंपरवर मागच्या पायांवर उभं राहून उजवा दिवा चाटतंय, डाव्या दिव्यावरून दोघांची मारामारी. गुणाजी म्हणाला, मंगळवारपासून हेच चाललंय. मंगळवारपासून! आणि हा माणूस मला आज सांगतो. "वैनी म्हणाली, ऱ्हवांदे. मिया काय करू?"

वासाबद्दल लिहीत नाही. निमेशने रुमाल नाकाला लावला, तो मुळात शाकाहारी. पण हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, वास गेला की फोन करा. मला घाई नाही. खरंच नाही."

एवढं सोशिक गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

गुणवंतीला म्हटलं, "होडी समुद्रात असायची, तिथे मांजर कुठून येणार? हे आपल्या लक्षातच आलं नाही गो." ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही वाईट वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भांड्यांच्या साबणाने चारदा धुतलं, पुन्हा दोन हजार, पुन्हा तीन हजार, पुन्हा पॉलिश. वास गेला. मांजरं अजून आशेने येऊन बसतात.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आज लालबागला मासळीकडे कोण फिरकणार? गुणवंती लवकर मोकळी झाली आणि क्लासला गेली. दुपारी मी नेहमीप्रमाणे झोपलो. चारला खाली गेलो. गाडीची सीट पुढे सरकवलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला आपटले, उजव्याची तर कळ डोक्यात गेली. आरसाही खाली वाकवलेला. मागच्या काचेला तांबड्या टेपचा तुकडा. माझा टेप पिवळट आहे. गुणाजीला विचारलं, गाडीत कोण बसलं होतं? तो आकाशाकडे बघत म्हणाला, "माका काय म्हायत नाय."

किल्ली तर दारामागच्या खिळ्यावरच होती.

१ डिसेंबर, सोमवार

स्प्रेचा डबा हरवला. मोबाइलवर मेसेज आला, तुमचं पार्सल पोहोचलं. कुठे पोहोचलं? गुणाजी म्हणतो, "वैनीकडे दिलंय." गुणवंती म्हणते, "मना नाय दिला." दोघांपैकी एक खोटं बोलतोय आणि माझं लग्न काही गुणाजीशी झालेलं नाही. सगळ्यांसमोर त्याला बोललो. तो उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. नुसती खुर्ची उचलून गेटपलीकडे नेली. यापुढे त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं.

दुसरा डबा मागवला.

४ डिसेंबर, गुरुवार

दुसरा गुरुवार. सीट पुन्हा पुढे. आणि बोनेट गरम. पाच-सहा मांजरं त्यावर पाय पसरून झोपलेली. आमच्या पार्किंगला ऊन येत नाही, पण हल्ली हवामानाचा काही भरवसा नाही.

प्रितीचा फोन आला. "बाबा, आई कशी आहे? टेन्शनमध्ये नाही ना?" म्हटलं, कसलं टेन्शन? ती म्हणाली, "काही नाही, शिलाईचं." पुढच्या गुरुवारी क्लासची परीक्षा आहे म्हणे. माझ्या बायकोची परीक्षा आणि मला मुलीकडून कळतं. रात्री तिला म्हटलं, "घाबरू नकोस, सरळ रेषेत चालव, झालं." ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सरळ नाय ओ. आठ काढायला लावतात."

आठाचा आकडा शिवायचा असतो, तो बहुधा भरतकामात येत असेल.

७ डिसेंबर, रविवार

नवा डबा मंगळवारी येईल. शनिवारी मारला की रविवारी चौदाला निमेश गाडी घेऊन जाणार. या वेळी अगदी नक्की. गुणवंतीने तारीख दोनदा विचारली. "चौदा? त्याच्या आदी नाय ना?"

आज गाडीत नुसताच बसलो. दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन पांढरे गोल पडले, अगदी धारदार. चौदा वर्षांपूर्वी शोरूममधून आणली तेव्हा असेच पडले होते. खूप आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं.

एक गोष्ट इथे लिहून टाकतो. हातगाडी मला दिसली होती. दिवे पिवळे होते हे खरं, पण धक्क्यावर सगळीकडे मोठे दिवे असतात, तिथे माझ्या दिव्यांची गरजच काय? गाडी दिसली, ब्रेक मारायचं ठरवलं, आणि पाय उशिरा गेला. एवढंच. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. हे मी गुणवंतीलाही सांगितलेलं नाही. त्या दिवसानंतर किल्लीला हात लावताना तळहाताला घाम येतो. दिव्यांवर ढकललं ते सोपं होतं म्हणून.

गाडी गेली की पहाटे उठायचं कारण उरणार नाही. तिला काय, तिचा टेम्पो आहे. माझं मात्र चौदा वर्षं एकच काम होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

आजचं क्रमाने लिहितो.

दुपारी दोनला खाली गेलो. गाडी नाही. जागा रिकामी, फक्त मांजरं. खिळ्यावर किल्ली नाही. चोरीच! गुणाजीशी न बोलण्याचा पण मोडला. "गाडी कुठे आहे?"

"माका वैनीन शपथ घातल्यान," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

गुणवंतीला फोन लावला, बंद. मला आधी गाडीची काळजी होती, मग तिची लागली. शर्ट घालून भोईवाडा चौकीकडे निघालो. गेटपाशी पोचतो तोच आमची तांबडी गाडी वळून आत आली. भरदुपारी दोन्ही हेडलाइट लावलेले. स्टिअरिंगवर काष्ट्याचं हिरवं लुगडं नेसलेली, नाकात नथ घातलेली माझी बायको.

मी बाजूला झालो. व्हायलाच लागलं, तिने हॉर्न दिला.

गाडी माझ्यासमोरून गेली, थांबली, आणि उलटी होऊन दोन खांबांच्या मधे एका दमात बसली. मला तिथे तीन दम लागतात. शेजारच्या सीटवरून चाळिशीच्या एक बाई उतरल्या. "नमस्कार सर, मी किर्ती. माझं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. मॅडम पहिल्या फटक्यात पास! ताडदेवच्या आरटीओत इन्स्पेक्टर बघत राहिले." लुगड्याचा काष्टा असला की पाय मोकळे राहतात, ड्रेसवाल्या मुलींपेक्षा मॅडमचा क्लच चांगला, असंही त्या म्हणाल्या.

म्हणजे पायमशीन हे.

गुणवंती दार उघडून बाहेर आली. तिचा चेहरा घामाने आणि आनंदाने नुसता चमकत होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "दिवे मुद्दाम लावून आले. रस्त्यात सगळे बगत होते."

मी तडक वर आलो. जेवलो नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

राग कसला आला ते शोधण्यात रात्र गेली. फसवलं याचा आला? टूथपेस्ट, तेल, मांजरं, डबा, काचेवरच्या शिकाऊ 'एल'चा तांबडा टेप, सगळं एकेक करून उलगडत गेलं. स्प्रेचा डबा तिने सकाळी स्वतःच तांदळाच्या पिंपातून काढून माझ्यापुढे ठेवला. खरं सांगायचं तर मांजरं आठवून मला मधेच हसू आलं, ते मी उशीत दाबलं.

चहाच्या वेळी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितला असता तर तुमी शिकवायला बसला असता."

"मग?"

"गाडी नवीन होती तवा शिवडीला नेलेला मना. आठवतो? तीनदा बंद पडली. तुमी काय बोललात?"

"काय बोललो?"

"बोललात, तुजा काम मागं टबाशेजारी बसायचा."

मला आठवत नाही. म्हणजे बोललोच असणार. मी विसरून गेलो आणि ती चौदा वर्षं मागच्या सीटवर ते घेऊन बसली. मला स्वतःची लाज वाटली. तसं तिला सांगितलं. आमच्यात हे शब्द फारसे वापरले जात नाहीत, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

मग ती टेम्पोचं बोलली. टेम्पोत बसायला जागा नसते. ती मागे ओल्या टबावर बसून येते, वळणावर दोरी धरून. कंबर गेली आहे. गप्पा वगैरे काही नाही. "तुमी कदी विचारलाच नाय."

मी म्हटलं, "मजेत असतेस असं वाटलं."

"मना तुमची गाडी पायजे होती. तुमच्या गुडघ्यावर मी कशाला बोलू? पाय उशिरा गेला ते मी बगितला नाय काय? मागंच तर बसले होते."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि दिवे पिवळे म्हणून मी सांगत फिरत होतो तेव्हा शेजारी उभी राहून ती मान डोलवत होती.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी पहिलं काम, गुणाजीकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हवांदे. वैनीन माका रोज एक बांगडो दिल्यान." माझ्यापेक्षा त्याचं बरं चाललं होतं.

दुसरं काम जड होतं. निमेशला फोन केला. दीड महिना बिचारा थांबला, त्याला नाही म्हणायचं. शब्द जुळवत होतो तोच तो ओरडला, "काकू पास झाल्या?"

नऊ नोव्हेंबरला गेटपाशी त्यांचं ठरलं होतं. काकू पास झाल्या तर गाडी काकूंची, नापास झाल्या तर निमेशची. त्याने मधल्या काळात दुसरी गाडी बघूनही ठेवली होती, कारण, "काका, मी त्यांना एकदा परळच्या ब्रिजवर चालवताना बघितलं. म्हटलं, ही गाडी आपल्याला मिळत नाही." फक्त एकच अट घातली. त्याने बघून ठेवलेल्या गाडीलाही कावीळ आहे, तिचे दिवे मी करून द्यायचे. तेल सोडून.

कबूल केलं.

१४ डिसेंबर, रविवार

दोन डबे झाले होते, दोन दिवे होते. शेवटचा हात तीन हजारचा, मग कोरड्या कापडाने पुसून घेतलं. गुणवंतीने गाडीभोवती वर्तमानपत्रं धरली, म्हणजे रंगावर फवारा उडू नये. एकदा मारायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचं. त्या दहा मिनिटांत आम्ही दोघं बादल्या उलट्या करून बसलो.

मी म्हटलं, "आता माझं काय काम?"

"कसला काम?"

"पहाटेचं. गाडी तू चालवणार."

तिने विचार केला. खरोखर केला, उगाच समजूत घालायला बोलली नाही. "तुमी बाजूला बसा. पन मी बिरेक मारला का तुमी पाय दाबायचा नाय. आणि बोलायचा नाय."

"अजिबात?"

"वरळीचा रस्ता येईपरेंत."

"धक्क्याला जाताना वरळी लागतच नाही."

"तेच," म्हणाली, आणि दुसरा हात मारायची वेळ झाली.

१६ डिसेंबर, मंगळवार

पावणेचारला उठलो. ती आधीच तयार. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीच्या डाव्या बाजूला बसलो. तिकडचा बेल्ट कुठे असतो हेही मला शोधावं लागलं.

दिवे लावले. गेटबाहेरचा रस्ता, गतिरोधकाचे पांढरे पट्टे, समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. तिने पहिला गियर टाकला. झटका बसला नाही. शिवडीच्या वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिने रस्त्यावरून नजर न काढता माझ्या गुडघ्यावर चापटी मारली. मी बोललो नाही. एकदाही नाही. हे कुणी विचारलं तर गुणवंतीला साक्षीला बोलवा.

मला अभिमान वाटत होता आणि भीतीही. पण मागे टबाशेजारी कुणी बसलेलं नव्हतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा टेम्पो आमच्या आधी लागला होता. त्यातून कंबरेला हात लावत बायका उतरत होत्या. आमची गाडी बघून त्या थांबल्या. लुगडं सावरत गुणवंती ड्रायव्हरच्या बाजूने उतरली. सगळ्यांत थोरली बकुळा हातातला टब तसाच धरून ओरडली, "गो गुणवंती! आज कोनी आनला तुला?"

"मीच आनली गाडी," गुणवंती म्हणाली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "ह्यांना पन मीच आनला."

बायका अशा हसल्या की बर्फवालेसुद्धा वळून बघायला लागले. मी खिडकीची काच खाली केली आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.